दोन शाळा आणि एक मरळ

एकाच आठवड्यात दोन निवासी शाळांमध्ये माझी निवड झाली, यात माझा काही दोष नाही. दोन्हीकडच्या परीक्षा मी दिल्या त्या एका ठिकाणी तरी नापास होईन या अंदाजाने. आमच्या गावातली शाळा आठवीत संपते. पुढे कुठेतरी जावं लागणार हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ‘कुठेतरी’ म्हणजे एकच जागा असते अशी माझी समजूत होती. सोमवारी पहिला लिफाफा आला. आईने तो देवापुढे ठेवला आणि गल्लीत साखर वाटली. गुरुवारी दुसरा आला, तेव्हा घरात साखर उरली नव्हती आणि बाबा ओसरीवर असे बसले की पोस्टमनने चप्पल काढून हळूच विचारलं, "कोणी गेलं का गा?"

पहिली शाळा चंद्रपूरच्या पलीकडे, घुग्घुसच्या रस्त्याला. तिच्या माहितीपत्रकावर सगळ्या मुली गळ्यात टाय बांधून हसत होत्या, म्हणून आमच्या घरात तिचं नाव पडलं टायवाली. दुसरी गडचिरोलीकडची, जंगलातली. तिच्या वसतिगृहामागे तलाव आहे एवढं बाबांनी कुठूनतरी काढलं, म्हणून ती तलाववाली. टायवालीने सोबत आणायच्या सत्तावीस वस्तूंची यादी पाठवली होती आणि खाली जाड अक्षरात छापलं होतं, ‘यादीबाहेरची वस्तू आणू नये.’ तलाववालीने यादी पाठवली नव्हती. ताट-वाटी आणा, एवढंच होतं. शेवटची तारीख दोन्हीकडे एकच, तीस जून.

आता माझ्याविषयी सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझं नाव आचल आणि मी भित्री नाही. मागच्या मंडईत, म्हणजे आमच्या गावजत्रेत, वडशाहून नाटक कंपनी आली होती तेव्हा आमच्या गावच्या निवेदकाचा घसा बसला आणि माइक माझ्या हातात आला. मी फक्त हरवलेल्या चपलांच्या घोषणा केल्या, पण अशा केल्या की लोक सापडलेल्या चपलाही पुन्हा हरवायला लागले. त्या दिवसापासून मी बोलायची थांबलेलीच नाही, असं आई म्हणते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या मुलीचे काका परीक्षक होते, हे मी इथे लिहिणार नाही.

अशी मी. आणि कोणत्या शाळेत जायचं, हे या सगळ्या प्रकरणात मला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं गेलं. त्याहून वाईट म्हणजे, मला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. टायवालीचं नाव निघालं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायचे. इंग्रजीत बोलणाऱ्या चाळीस मुलींसमोर मी उभी आहे आणि माझ्या तोंडून फक्त चपलांचे नंबर येतायत, असं स्वप्न मला दोनदा पडलं.

आईचं मत टाय. कारण तिचा भाऊ, गोपालमामा, घुग्घुसला कोळशाच्या खाणीत आहे. रविवारी शिफ्ट सुटली की तो मोटरसायकलवर चक्कर मारून येईल. बाबांचं मत तलाव. बाबा म्हणजे बाबुलाल, आमच्या मच्छीमार सोसायटीचे सभासद. ज्या ठिकाणी पाणी आहे तिथे माणूस वाईट नसतो, असं ते म्हणतात आणि आमच्याच सोसायटीकडे पाहून पुढे काही बोलत नाहीत. शेजारच्या भागीरथाबाईंची भाची वसतिगृहात राहून आली होती. ती येताना डोक्यात उवा आणि तोंडात इंग्रजी घेऊन आली आणि दोन्ही अजून गेलेली नाहीत, म्हणून मला कुठेच पाठवू नये. सोसायटीचे अध्यक्ष लटारूभाऊ साधं ‘चहा ठेव’ सुद्धा नाटकातल्या राजासारखं म्हणतात. त्यांनी छातीवर हात ठेवून निकाल दिला की सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे शिकवावं, म्हणजे कोणाचं मन दुखणार नाही.

लटारूभाऊंचं हे म्हणणं कोणी मनावर घेतलं नसतं, पण बाबांच्या डोक्यात त्यातलं अर्धं राहिलं. दोन्हीकडे नाव घालून ठेवू आणि मग पाहू. त्यासाठी दोन्ही शाळांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, तोही मूळ, आणि मूळ दाखला एकच असतो. दुसरा मिळतो का, असं बाबांनी हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मिळतो, पहिला हरवला आहे असं लिहून द्या.

"हरवला नाई तर हरवला कसा लिहू?" बाबा म्हणाले.

हेडमास्तरांनी दाखल्यांचं पुस्तक मिटलं. उत्तर लटारूभाऊंकडे होतं. "मंग खरंच हरवून टाक ना गा."

आणि इथे माझ्या वडिलांनी ते केलं, जे या दोन जिल्ह्यांत दुसऱ्या कोणी केलं नसेल. त्यांनी दाखला त्यांच्या मित्राला, सोसायटीच्या पत्रूकाकाला दिला आणि सांगितलं, कुठीबी ठेव, पण मले सांगू नको. पत्रूकाका इमानी माणूस. त्याने ठेवला, सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मेहुणीच्या लग्नासाठी मार्कंड्याला निघून गेला. तिथे त्याचा फोन नदीत पडला.

आता बाबा खऱ्या मनाने ‘हरवला’ लिहायला मोकळे झाले. हेडमास्तरांनी पोलीस ठाण्याचं पत्र मागितलं. ठाण्यातल्या हवालदाराने वही उघडली आणि कुठे हरवला ते विचारलं. बाबा म्हणाले, पत्रूले माहीत. कोण पत्रू? ज्यानं लपवला तो. काऊन लपवला? म्याच सांगतलं. हवालदार पेन खाली ठेवून म्हणाला की तक्रार पत्रूवर लिहायची की तुमच्यावर, ते ठरवून या. बाबा म्हणाले, घरी विचारून सांगतो. त्यानंतर ते ठाण्यावरून जायचा रस्ता सोडून शेतातून बाजारात जायला लागले.

पत्रूकाका येईपर्यंत शाळा तरी पाहून घेऊ, असं ठरलं. आधी टायवाली.

मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून बाबांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात थोडं पाणी घालून एक जिवंत मरळ घेतली. हातभर लांब, काळी, अंगावर पट्टे. बाकीचे मासे पाण्याबाहेर काढले की हाय खातात. मरळ तासन् तास टिकते आणि वर आपल्याकडे रागाने बघते. बसमध्ये डबा आतून धडधडला तेव्हा कंडक्टरने विचारलं, यात काय आहे. बाबा घाबरून म्हणाले, "ॲडमिशन."

प्राचार्य मॅडमच्या केबिनबाहेर बाबांनी चपला काढल्या. शिपाई म्हणाला, काढायची गरज नाही, म्हणून परत घातल्या. आत गुळगुळीत फरशी पाहिल्यावर पुन्हा बाहेर येऊन काढल्या. मॅडम वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला आणि फॉर्म काढला. फक्त त्यांनी सगळं बाबांना विचारलं. मुलगी अभ्यासू आहे का? हाव. स्वभाव शांत आहे का? हाव. चिडते का? हाव. काही आजार? हाव. माझे बाबा तलावाच्या या काठावरून हाक मारतात ती त्या काठावरच्या म्हशींना कळते. त्या केबिनमध्ये त्यांच्याकडे होकाराचा एकच शब्द उरला होता आणि तो ते वाटत सुटले होते. आणि मी, तालुक्यात दुसरी, शेजारी बसून स्वतःच्या नखांकडे पाहत होते. फॉर्मवर ‘आजार: आहे’ असं लिहिलं गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात डब्याचं झाकण उडालं.

मरळ फरशीवर आली आणि सपसप करत बक्षिसांच्या कपाटाखाली शिरली. मॅडम खुर्चीवर चढल्या नाहीत. त्यांनी फक्त पाय वर घेतले. शिपाई झाडू घेऊन आला आणि झाडूसकट मागे सरकला. दारात टायवाल्या मुली जमल्या. मी नव्या ड्रेससकट पोटावर आडवी झाले आणि मागून हसण्याचा आवाज आला. माझ्या आयुष्यात मी हजार मासे धरले असतील, पण प्रेक्षकांसमोर पहिल्यांदाच.

अचानक माझ्या शेजारी आणखी कोणीतरी आडवं झालं. हजेरीचं रजिस्टर न्यायला आलेली एक मुलगी, टाय फरशीवरच्या पाण्यात, हातात शिपायाचा टॉर्च. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, उर्वशी.

"चावते का गं?" तिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग कशी धरायची?"

याचं उत्तर मी एक तास देऊ शकते. मला एक शब्द सुचला नाही. मी फक्त हात घालून दाखवलं, कल्ल्यांच्या मागे, अंगठा वर. मरळ बाहेर आली आणि उर्वशीने खळखळून हसत अशी टाळी वाजवली की आधी हसणाऱ्यांनीही वाजवली.

मॅडमनी सांगितलं की आमच्या शाळेत मांसाहार चालत नाही, पण तुम्ही प्रेमाने आणली आहे, तर बिचारीला कारंज्यात सोडा. शाळेसमोर गोल कारंजं होतं. त्यात बारा लाल शोभेचे मासे होते, संस्थेच्या कुणा पाहुण्याने वाढदिवसाला सोडलेले. प्रत्येक बोटभर लांब.

मरळ काय खाते, हे आमच्या गावात रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. मग ते तोंड मिटलं आणि त्यांनी म्हटलं, "हाव." आणि मीही काही बोलले नाही. शिपायाने डबा उलटा केला. आम्ही फॉर्म भरून, नमस्कार करून बाहेर आलो तेव्हा कारंज्यात नऊ लाल मासे होते. आम्ही दोघांनी मोजले आणि दोघांनीही मोजले नाहीत असं दाखवत फाटकाबाहेर पडलो. बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. घुग्घुसच्या ट्रकांची सगळी धूळ त्यांच्या तोंडावर बसली तरी त्यांनी काच लावली नाही.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला मी बातम्या म्हणते. गोपालमामाचा दोस्त त्या शाळेत वॉचमन निघाला. रोज शिफ्ट सुटली की मामा आईला फोन करून आकडा सांगायचा. आठ. सात. एक दिवस काहीच नाही, तेव्हा आईला वाटलं मरळ सुधारली. दुसऱ्या दिवशी एकदम पाच. मामा म्हणाला, शाळेत मांजरीवर संशय आहे. आईने जेवताना विचारलं, निवड रद्द करतात का हो असं झालं तर? भागीरथाबाईंनी भिंतीपलीकडून सांगितलं, करतात. त्यांना विचारलं कोणी नव्हतं.

मला काय वाटायला हवं होतं? टायवाली आपोआप कटली तर प्रश्न सुटत होता. पण आकडा कमी झाला की माझं जेवण कमी व्हायचं.

तलाववाली पाहायला गेलो तेव्हा बाबांनी काहीही सोबत घेतलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, तिथे काहीच बिघडलं नाही. रेक्टरबाई पायरीवर बसून हरभरा निवडत होत्या. बाबांनी तलावातल्या शेवाळाबद्दल विचारलं आणि दोघं दीड तास बोलले. बाबांचा आवाज पार त्या काठापर्यंत जात होता. बाईंनी त्यांना दोनदा ‘भाऊ, तुमीच सांगा’ म्हटलं. जंगलातल्या गावची दीपाली नावाची मुलगी मला खोल्या दाखवत फिरली आणि ओंजळभर जांभळं दिली. मला भाषण करायला सांगितलं, मी केलं, तालुक्याला केलं होतं तेच, तिथेच थांबत, तिथेच हात वर करत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना बाबा बसमध्ये गाणं गुणगुणत होते. त्या रात्री मला चपलांचं स्वप्न पडलं नाही. इतकी छान झोप लागली की मला त्याचीच काळजी वाटायला लागली.

पंचवीस तारखेला पत्रूकाका परत आला. दाखला कुठे ठेवला ते तो विसरला होता. "चांगल्या जागी ठेवला, एवढं आठवते," तो म्हणाला आणि आईने हातातली पळी खाली ठेवली, कारण ती लोखंडी पळी होती आणि पत्रूकाका जवळच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर शेवटची मासेमारी होती; यंदा पाऊस लांबला होता. उन्हाळ्याने पाणी गुडघ्यापर्यंत आलं की पावसाआधी सोसायटी जाळं ओढते आणि काठावरच मासे वाटते. आमची वाटायची पद्धत अशी. सगळ्या माशांचे सारखे ढीग लावायचे. एक पोर ढिगांकडे पाठ करून उभं करायचं. अध्यक्षाने एकेका ढिगावर काठी टेकवून विचारायचं, हा कोणाचा? पोराने न बघता एकेका सभासदाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. मग त्यात रोहू असो की नुसत्या झिंग्या, कोणी तोंड उघडायचं नाही. पाच वर्षांची होते तेव्हापासून ते पोर मी आहे. माझ्या पाठीवर सगळ्या सोसायटीचा विश्वास आहे. मरळ ज्या ढिगात असते तो वेगळा वाजतो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. त्याचा मी फक्त एकदाच उपयोग केला, आईचा वाढदिवस होता.

तर, वजनकाटा काढायला लटारूभाऊंनी सोसायटीची पेटी उघडली आणि काट्याखाली, जाळ्याला वजनासाठी बांधायच्या गोट्यांमध्ये, माझा दाखला. माशांचा वास लागलेला, पण शिक्क्यासकट. पत्रूकाका म्हणाला, पहा, चांगलीच जागा होती.

आता एक दाखला, दोन शाळा आणि चार दिवस. काठावर सगळं गाव. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे, आणि लटारूभाऊंनी छातीवर हात ठेवला. "बाबुलाल, इतकं काऊन हैरान होऊन राह्यला? वाटे पाडू ना. वाटा पडला का कोणी बोलत नाई."

बाबांना एवढं बरं वाटलेलं मी पंधरा दिवसांत पाहिलं नव्हतं. आई घरी पळत जाऊन दोन्ही लिफाफे घेऊन आली. ते ओल्या मातीवर ठेवले, वर एकेक दगड. मला नेहमीच्या जागी उभं केलं, तोंड गावाकडे, पाठ तलावाकडे. लटारूभाऊंनी समजावलं की ते एका लिफाफ्यावर काठी टेकवतील. मी म्हणायचं ‘आचलचा’ किंवा ‘कोणाचाच नाई’. मी सवयीने कान दिला.

मासे वाजतात. कागद वाजत नाहीत.

"हा कोणाचा?"

माझ्यासमोर गावाचा रस्ता होता आणि त्यावरून एक कोंबडी चालली होती. मी तिच्याकडे पाहिलं. मला कळलं की मी जे काही म्हणेन ते सगळे मानतील, बाबा मानतील, आई मानेल, आणि ते कोणीच म्हटलेलं नसेल. स्वप्नातल्या त्या चाळीस मुली डोळ्यांसमोर आल्या होत्या, आणि त्या का येतात ते या वेळी मला कळत होतं.

"आचल, बोल ना वं," लटारूभाऊ म्हणाले.

मी वळले.

नऊ वर्षांत तिथे उभी राहून मी पहिल्यांदा वळले होते. कोणीतरी म्हणालं, अरे, पाहू नको. मी पाहिलं. काठी तलाववालीवर होती.

"बाबा, मले टायवाल्या शाळेत जाचं आहे," मी म्हटलं.

बाबांनी आधी लिफाफ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिथी तर तुह्या तोंडातून शब्दच नाई निंघाला."

"तुमच्याबी नाई निंघाला. मरळ त्या मासोळ्या खाईन, हे तुमाले माहीत होतं. मलेबी माहीत होतं. दोघंबी चूप बसलो." माझा आवाज माइकवर येतो तसा येत नव्हता; मधेच फाटत होता. "तलाववाल्या शाळेत मी बोलीन. ते मले आताच येते."

पुढे आणखी सात-आठ वाक्यं तयार होती, पण ती मला आठवली नाहीत. आईने माशांसाठी आणलेलं घमेलं खाली ठेवलं. टाय हे तिचंच मत होतं, तरी रडायला तीच लागली. लटारूभाऊंना नियम मोडल्याचं दुःख झालं होतं आणि ते तसं सांगणार होते, पण बाबा वाकले, त्यांनी दगड बाजूला केला, टायवालीचा लिफाफा उचलला, बनियनला पुसला आणि खिशात ठेवला.

"वाटा पडला," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडून फोन मागितला. लिफाफ्यावरचा नंबर मी लावून दिला. पलीकडून मॅडमचा आवाज आला तेव्हा बाबांनी पायांतल्या चपला काढल्या, हे मी पाहिलं. पण बोलले ते काठावरून बोलतात तसे. "म्याडम, मी आचलचा बाप बोलतो. तुमच्या कारंज्यात आता मासोळ्या किती आहेत?"

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, एक. आणि मांजर पकडून बाहेर सोडली तरी कमी होतायत.

"मांजर नोये. ते आमची मरळ होय. मले तवाच सांगाले पाह्यजे होतं, नाई सांगतलं, माफी करा. अन् एक सांगतो, पोरीले आजार काई नाई. तुमच्या शिपायाच्यानं ते मरळ निंघाची नाई. पोरगी येऊन राह्यली तीस तारखेच्या आत, ते काढून देईन. तिच्यासंग लहान जाळं पाठवतो. फक्त तुमच्या यादीत जाळं नाई."

बाबांनी फोन कानापासून जरा लांब धरला, म्हणजे आम्हाला सगळ्यांना ऐकू यावं. पलीकडे मागे कोणीतरी हसत होतं, आणि ते हसणं मला उर्वशीचं वाटलं.

"आणा," मॅडम म्हणाल्या. "पण लवकर या. ती एकच मासोळी राहिली आहे."